मागच्या फाटकातलं ‘येऊ का?’

पाद्रीअण्णा गेल्याची बातमी मला निपाणीत कळली, तीही भरल्या ताटावर. सासुरवाडीला गेलो होतो. बेळगावहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरने रस्त्यावरूनच मेहुण्याला हाक मारली, “तुमच्या दाजींना सांगा, शहापूरजवळचे चर्चवाले पाद्रीअण्णा काल गेले.” मी हातातला घास तसाच धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. त्या भिंतीवर, देवघराच्या चौकटीशेजारी, खिळ्याला एक पितळी किल्ली टांगलेली होती. ती अण्णांच्या चर्चच्या मागच्या फाटकाची. ती निपाणीला कशी आली हे सांगायचं तर माझ्या वकिलीची अब्रू पुन्हा एकदा चव्हाट्यावर मांडावी लागेल. पण अण्णांविषयी लिहायचं आणि स्वतःची अब्रूही राखायची, हे दोन्ही जमणारं नाही… त्यांनी मला जेव्हा जेव्हा जवळून पाहिलं, तेव्हा मी बहुधा फजितीतच होतो.

त्यांचं नाव दावीदराव सोनवणे. शहापूर संपतं आणि बेळगाव सुरू होतं त्या हद्दीवर घडीव दगडाचं, कौलारू, लहानसं चर्च आहे. त्याचे ते पाळक. मंडळी थोडकी, आवार मात्र लांबच लांब. पुढचं फाटक बेळगावच्या रस्त्यावर, म्हणजे इंग्रज सरकारच्या मुलखात. मागचं फाटक शहापूरच्या विणकर गल्लीत, म्हणजे संस्थानात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी ती वाट, पण तिच्यावर ना साहेबाचा पोलीस, ना संस्थानचा शिपाई. एक कडुनिंब, आणि त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलेले अण्णा. मी त्याच गल्लीत राहायचो. आवारातून गेलं की कचेरीची निम्मी वाट वाचायची. माझी सनद नवी होती, कोट त्याहून नवा होता. अशील मात्र ना नवा होता ना जुना.

शहापूरच्या गल्ल्या अरुंद, म्हणून विणकर आपला ताणा चर्चच्या आवारात ताणायचे. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना कसं सांगावं… खळ लावलेलं ओलं सूत मागच्या फाटकापासून चर्चच्या पायरीपर्यंत ताठ धरलेलं, दोन्ही बाजूंनी बायामाणसं कुंचे फिरवीत चाललेली, आणि कोवळं ऊन त्या हजार धाग्यांवर थरथरत असलेलं. कधी डाळिंबी ताणा, कधी मोरपंखी. अण्णा रविवारच्या प्रवचनाची तयारी त्या रंगांकडे बघत करायचे. रविवारी ताणा नसे. हे कुणी ठरवलं, कधी ठरलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग सुताचे व्यापारी रुद्रप्पा यांनी मागच्या फाटकासमोरची जागा घेतली आणि वखार बांधली. त्यांच्या बैलगाड्यांना बेळगावच्या रस्त्याला जायला गल्लीतून मोठा वळसा पडे. त्यांनी अण्णांना निरोप धाडला, की गल्लीची माणसं इतकी वर्षं तुमच्या आवारातून जातात, त्याची वहिवाट झाली. वीस वर्षं भरत आलीत, भरली की आम्ही कोर्टातून हक्क घेऊ आणि गाडीवाट करू. आधीच अण्णांच्या वरच्या मिशनवाल्यांनी कळवून ठेवलं होतं, की कोर्टाचं लचांड झालं तर आवार विकून मोकळे होऊ. म्हणजे दावा हरला तर आवारात गाड्या, आणि दावा नुसता उभा राहिला तरी आवार गेलं. ताणा दोन्हीकडून तुटणार होता.

अण्णांनी हे मला कडुनिंबाखाली सांगितलं तेव्हा मी गंभीर चेहरा करायचा पुष्कळ प्रयत्न केला.

“लावू दे की दावा,” मी म्हणालो. “इकडं इंग्रजांचं कोर्ट, तिकडं संस्थानचं. दोन्हीकडं लढू.”

“वकीलसाहेब,” अण्णा म्हणाले, “तुमचं तोंड बघून वाटतंय, माझ्या घरी लग्न निघालंय आणि तुम्ही वरपक्षाचे आहात.”

“मग काय करायचं म्हणता?”

“दावा लढायला वकील कुणीही देईल. दावा होऊच नये म्हणून काय करावं, हे सांगणारा हवाय.”

असला धंदा बुडवणारा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. तरी मी ऐटीत सांगितलं, वर्षातून एक दिवस फाटक बंद ठेवा; वहिवाट तुटते. अण्णांनी खात्री करून घेतली. “एकच दिवस?” “एकच. कुलूप मी स्वतः लावतो.” अडवणूक पक्की दिसावी म्हणून मी दिवस निवडला तो बाजाराच्या तोंडावरचा, ज्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घराला आवाराची गरज असते. लोकांची अडचण जितकी मोठी तितका पुरावा भक्कम, असा माझा हिशेब. नवं पितळी कुलूप आणलं, खटका दाबला की आपोआप लागणारं. पहाटे जाऊन लावलं आणि दगडावर बसून पुराव्याची वाट बघू लागलो.

पुरावा आला. गंगाक्का पुढे, मागे तिची दोन माणसं, खांद्यावर ओल्या सुताचा भला मोठा गुंडा. गंगाक्का गल्लीतली सगळ्यांत जुनी विणकरीण. तिच्यासमोर मी लहानपणी चड्डीत फिरलेला, त्यामुळे माझ्या काळ्या कोटाचा तिच्यावर काडीचाही परिणाम होत नसे.

“ह्ये काय रं? कुलूप कुणी लावलं?”

“मी. कायद्यानं लावलंय.”

“कायद्याला सांग, खळ वाळाय लागलीया. सूत चिकटून बसलं म्हंजे ताणा गेला माझा. उघड.”

त्या क्षणी माझा सगळा कायदा वितळला. “उघडतो, उघडतो,” म्हणत मी खिसे चाचपले. एक, दुसरा, आतला… आणि मला आठवलं. आदल्या आठवड्यात निपाणीला गेलो होतो. जावयाची वकिली चालते हे सासऱ्यांना दाखवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ही किल्ली नेली होती. मोठ्या कामाची किल्ली आहे, असं सांगून त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी ती जपून खिळ्याला लावली होती.

एवढ्यात अण्णा आले, दाढीचा साबण अर्ध्या गालावर तसाच.

“किल्ली कुठंय?”

“निपाणीला.”

“तिथं काय करतीय ती?”

मी खिसे पुन्हा चाचपले. गंगाक्का गुंडा सावरत म्हणाली, “जावई हितं, किल्ली सासरी. उलटंच की सगळं.” अण्णा हसले नाहीत. त्यांनी शेजारचा दगड उचलला आणि कुलपाच्या कडीवर घातला. चार घावांत कडी तुटली, माझा पुरावा धुळीत पडला, आणि ताण्याचं एक टोक हातात धरून अण्णा स्वतः चर्चच्या पायरीकडे चालू लागले. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला, तरी त्यांनी टोक सोडलं नाही.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. मुख्य मजकूर वाचून वकिली करणाऱ्यांना खालची टीप नेहमी उशिरा दिसते. टिपेत होतं, की एका दिवसाच्या अडवणुकीला कायदा अडवणूक मानतच नाही. ती वर्षभर मुकाट सोसली गेली तरच मोजतो. म्हणजे किल्ली खिशात असती तरी काही उपयोग नव्हता. संध्याकाळी जाऊन हे अण्णांना सांगितलं. मला वाटलं, आता तरी रागावतील. ते म्हणाले, “बरं झालं. वर्षभर कुलूप लावा म्हणाला असतात तर मी तुम्हालाच कोंडलं असतं.” मग थोड्या वेळाने, “मला एक सांगा. माणूस माझ्या आवारात हक्कानं आलं तर त्याची वहिवाट. आणि मला विचारून आलं, मी ‘या’ म्हणालो, तर?”

“तर ती परवानगी. परवानगीनं कितीही वर्षं आलं तरी हक्क होत नाही.”

“मग झालं की. आपल्याकडं परक्याच्या उंबऱ्यावर ‘येऊ का’ म्हटल्याशिवाय कुणी आत येत नाही. माझ्या फाटकाला उंबरा नाही, म्हणून विसरलेत बिचारे.”

त्या आठवड्यात त्यांनी मागच्या फाटकात एक दगडी उंबरा बसवला. फाटकाला उंबरा असलेलं चर्च मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि गंमत बघा, कुणाला काही सांगावं लागलं नाही. उंबरा दिसला की पाय थांबायचा, आणि पाय थांबला की तोंडातून आपोआप निघायचं, “येऊ का?” कडुनिंबाखालून उत्तर यायचं, “या, या.” अण्णा नसले तर त्यांच्या घरच्या, सुंदराक्का, स्वैपाकघरातून ओरडायच्या. शुक्रवारी उंबऱ्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहून जाई. अण्णा ते पुसत नसत. एवढंच म्हणत, “मिशनचा साहेब येणार असेल तेव्हा तेवढं पाणी टाका.” मी सुरुवातीला न विचारता सटकायचो, आपण तर त्यांचे वकील. एकदा त्यांनी मला मधूनच परत पाठवलं. “उंबऱ्यापासून या वकीलसाहेब. तुमच्यावर माझा सगळ्यांत कमी भरवसा.”

रुद्रप्पांना मात्र विचारणं जमेना. हक्काच्या वाटेला विचारायचं कशाला, हा त्यांचा सवाल. त्यांनी दाव्याची तयारी केली आणि एके दिवशी आपल्या वकिलाला आणून गल्लीतल्या विणकरांना वखारीत बोलावलं. मी पलीकडच्या दुकानात सुपारी निवडत उभा होतो, म्हणजे कान तिकडे होते. प्रत्येकाच्या मागावरचं सूत रुद्रप्पांकडून येई, तेव्हा कोण काय बोलणार हे ठरल्यासारखंच होतं.

“कोर्टात एवढंच सांगायचं,” रुद्रप्पा म्हणाले, “आम्ही या वाटेनं हक्कानं जातो.”

 मग गंगाक्का म्हणाली, “हक्कानं कसं? आम्ही इचारून जातो की.”

“कुणाला?”

“पाद्रीअण्णाला. रोज ‘येऊ का’ म्हणतो, त्यो ‘या’ म्हणतो. न्हाई म्हटला तर जाणार न्हाय. पर त्यो न्हाई म्हणतच न्हाय, त्येला आम्ही काय करावं?”

“गंगाक्का, सूत कुणाचं वापरतीस?”

“तुमचंच की मालक. बंद करा. शपथ घिऊन खोटं बोललं तर ते तुटणारच हाय.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. रुद्रप्पांच्या वकिलाने कागदांची घडी घातली. हुशार माणूस होता, त्याला टिपा आधी दिसत असाव्यात. दावा झाला नाही. सूतही बंद झालं नाही, कारण गंगाक्कासारखी साडी कुणाला विणता येत नव्हती. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा खटला असा उभाच राहिला नाही, आणि लोकांना मात्र मी तोच जास्तीत जास्त वेळा सांगितला आहे. रुद्रप्पा त्यानंतर वर्षानुवर्षं वळसा घालून जात राहिले. गुडघे दुखू लागले तरी. भर उन्हात त्यांना तसं जाताना पाहिलं की अण्णा अस्वस्थ व्हायचे. “एक शब्द आहे हो,” म्हणायचे, “आणि तोही लहान.”

महायुद्ध संपल्यावर अण्णांना दुखण्यानं गाठलं. खुर्ची कडुनिंबाखालून खोलीत, खिडकीशी गेली. शेवटच्या भेटीत त्यांचा आवाज अगदी बसला होता. बाहेरून कुणी “येऊ का?” म्हटलं की ते खिडकीतून हात वर करायचे आणि मला विचारायचे, “दिसला का हात त्यांना? बघा जरा.” मी उठून बघायचो. दिसलेला असायचा. मध्येच म्हणाले, “मी गेल्यावर माझ्या परवानगीचं काय होतं?”

आता टीप मला पाठ होती. “देणाऱ्याचा हक्क संपला की परवानगी संपते.”

“मग नवा पाळक नव्यानं ‘या’ म्हणेल.” त्यांनी डोळे मिटले. “शिकवा त्याला. अवघड नाही…”

निपाणीहून मी पोचलो तेव्हा पेटी पायरीपाशी ठेवलेली होती आणि आवार भरून गेलं होतं. मागच्या उंबऱ्याबाहेर रुद्रप्पा टोपी हातात धरून उभे होते. ओठ हलले, ‘येऊ का’ असंच काहीतरी असावं. मला वाटलं आपण ‘या’ म्हणावं, पण तो अधिकार माझा नव्हता. गर्दीतून सुंदराक्का पुढे आल्या आणि म्हणाल्या, “या, रुद्रप्पा.” ते आत आले, आणि मग कितीतरी वेळ खाली मान घालून उभे राहिले.

आता सुंदराक्का मुलीकडे गेल्या आहेत. नवा पाळक अजून आलेला नाही. ताणा रोज लागतो. विणकर उंबऱ्यावर थांबतात, रिकाम्या खिडकीकडे बघून “येऊ का?” म्हणतात, आणि उत्तराला जेवढा वेळ लागायचा तेवढा थांबून आत येतात. निपाणीची किल्ली मी खिळ्यावरून काढून आणली आहे. कुलूप कधीच मोडलं, पण ती खिशात असते. मीही थांबतो. मीही विचारतो. आणि मग उत्तर न येता उंबरा ओलांडतो, म्हणजे पुस्तकाप्रमाणे रोज अतिक्रमण करतो. अण्णांनी जन्मभर कुणावर दावा केला नाही. माझ्यावर एक करावा… समन्स बजावायला तेवढं स्वतः फाटकापर्यंत यावं. मी हजर आहे.