धुतलेला एप्रन

दोरीवर माझा पांढरा एप्रन वाळतोय. आईने बाह्या नीट ताणून चिमटे लावलेत. खिशावर तिनेच निळ्या दोऱ्याने भरलेलं माझं नाव आहे.

अकरावीला मी बायॉलॉजी घेतलं तेव्हा मला डॉक्टर व्हायचं होतं. आता इतिहास शिकायचाय, म्हणून महिन्यापूर्वी आर्ट्सला प्रवेश बदलून घेतला. अर्जावर सही करताना बाबा म्हणाले, "आईला तू सांग, मी नाही सांगणार." मी अजून सांगितलेलं नाही. दर मंगळवारी प्रॅक्टिकल असल्यासारखा एप्रन बॅगेतून नेते आणि तशीच घडी परत आणते. दुसऱ्या दिवशी आई तो धुते.

न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घालते. विषय बदलल्याचंही मला फार वाटत नाही. पण एप्रन पिळल्यावरही बादलीतलं पाणी नितळच राहतं, ते बघवत नाही.

आज सकाळी कॉलर चोळताना आई म्हणाली, "हल्ली डाग पडत नाहीत गं याच्यावर."

"जपून वापरते," मी म्हटलं.

"शहाणी माझी," ती म्हणाली, आणि कॉलरला पुन्हा साबण लावला.