खुंटापलीकडची मरळ

"तोंडात आहे, पोटात नाही," असं म्हणून दाजी डावा हात आडवा करीत. म्हणजे आपण आहोत तिथंच थांबायचं. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात दोरी सैल धरलेली असे, डोळे अर्धवट मिटलेले, आणि पाण्याखाली मासा आमिष घेऊन चाललेला. काठावरच्या माणसाचा जीव टांगणीला लागायचा. माझा तर फारच, कारण मी जन्माचा उतावळा.

देवासात त्या वेळी एकाच गावात दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू यांची, दुसरी त्यांची. टेकडीखालच्या तलावाचंही तसंच. पाण्यात मधोमध लाकडी खुंटांची एक ओळ रोवली होती; अलीकडचं पाणी, शिंगाडे नि मासे आमच्या पातीचे, पलीकडचे त्यांचे. मी आमच्या पातीच्या कचेरीत कारकून होतो आणि आमच्या बाजूच्या पाण्याची राखण या गृहस्थांकडे होती. मराठा घराणं. आजोबा फौजेबरोबर वर माळव्यात आले आणि इथलेच होऊन गेले. सगळं गाव त्यांना दाजी म्हणे, तेव्हा मीही दाजीच म्हणतो.

दाजींना जाळं मनापासून आवडत नसे. त्यांचा सगळा जीव गळावर. काठानं बांबूच्या कामट्या रोवायच्या, एकेक वाकवून तिचं टोक जमिनीतल्या खुंटीच्या खाचेत अडकवायचं, टोकाला तांबडी चिंधी बांधायची आणि खाचेपासून गळाची दोरी पाण्यात सोडायची. गळाला जिवंत बेडकी. मरळीनं बेडकी धरून ओढली की खाच सुटे आणि कामटी ताडकन उभी राही. या कामट्यांना ते चोपदार म्हणत. "चोपदार उठला म्हणजे पाहुणा दारात आला, एवढंच समजायचं," ते सांगत. "अजून बसला कुठं, जेवला कुठं?"

मरळ तुम्ही पाहिली असेल तर तिचं सापासारखं डोकं आणि आतले दात तुम्हाला ठाऊक असतील. ती बेडकी आधी नुसती तोंडात धरते आणि दूर पळते. मग थांबते. थांबून तिला तोंडातल्या तोंडात फिरवते आणि डोक्याकडून गिळते. पळताना ओढलं की बेडकी परत येते नि मरळ जाते. ती थांबून पुन्हा चालू लागली, दोरीला वजन आलं, की मग ओढायचं. तेही हिसका न देता, विहिरीतून भरली घागर काढावी तसं खांद्यापासून. हे सगळं दाजींनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. काठावर उभा राहिलो की मात्र सारं विसरायचो आणि "ओढा, ओढा" म्हणत नाचायचो.

त्यांचं हे थांबणं तलावापुरतं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण ते जगाकडेच तसं पाहत. पुतणीला धारहून स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, पाहुण्यांनी मुलगी पसंत म्हणून सांगितलं, आणि बायका साखर वाटायला उठल्या. दाजींनी ओसरीवर बसल्या बसल्या हात आडवा केला आणि आपलं ते वाक्य म्हटलं. वहिनींनी, म्हणजे दाजींच्या कुटुंबानं, कपाळाला हात लावला. दाजींनी पाहुण्यांना आग्रह करकरून मुक्कामाला ठेवून घेतलं, आणि सकाळी न्याहारीच्या वेळी पाहुण्यांचं मन उघडलं. मुलाला हुंड्यात घोडा हवा होता. साखर पुन्हा डब्यात गेली. वहिनी पुढं वर्षभर त्यांच्याशी तुटक बोलत, आणि ते मुकाट्यानं ऐकून घेत.

मी त्यांची खूप थट्टा करी. पगाराच्या दिवशी विचारायचो, "काय दाजी, पोटात का अजून तोंडात?" ते हसत नसत. मिशीच्या एका बाजूला काहीतरी हललं तर हललं.

त्या वर्षी माळव्यात थंडी अशी पडली की हरभऱ्यावर पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडून शेतं काळी झाली. त्याच दिवसांत माझं कुटुंब बाळंत झालं. मूल चांगलं होतं, शेजारची एक लेकुरवाळी त्याला आपल्याबरोबर पाजत होती. पण बाळंतिणीला ताप आला तो हटेना, आणि हटला तेव्हा अन्नावरची वासनाच गेली. पेज पुढं केली की ती मान फिरवी. हकीम म्हणाले, औषध माझ्याकडचं संपलं, आता पोटात अन्न गेलं तर बाई उठेल. काय द्यावं विचारलं तर म्हणाले, मरळ मिळाली तर ती शिजवून तिचं पाणी द्या. हे ऐकून ती अंथरुणातून म्हणाली, "मासा असला तर खाईन." तिचं माहेर कोकणातलं. कितीतरी दिवसांत तिनं स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

बाजारात मरळ कुठून असणार? थंडीत मासा तळाशी चिखलात बसतो. जाळं टाकायचं तर दोन्ही पातींची परवानगी लागे, आणि ती मिळेपर्यंत उन्हाळा आला असता. मी दाजींकडे गेलो आणि त्यांच्यापुढं रडलो. त्यांनी काठावर होते नव्हते तेवढे सगळे चोपदार बसवले.

दोन दिवस एकही उठला नाही. तिसऱ्या दिवशी मी कचेरीत न जाता तलावावर गेलो. ऊन चढलं होतं, तरी बोटं वाकत नव्हती. खुंटांच्या ओळीजवळ शेवाळाचं एक बेट होतं, तिथं ऊन खायला मासा वर येतो म्हणून दाजींनी एक गळ अगदी हद्दीला लागून टाकला होता. दुपारच्या सुमारास तोच चोपदार उभा राहिला.

दाजी धावत गेले आणि दोरी बोटात घेतली. दोरी सरळ खुंटांकडे पळत होती. आता तुम्हाला हद्दीचा रिवाज सांगायला हवा. मासा कुणाचा, हे गळ रुतला कुठं त्यावर ठरे. अलीकडे रुतून मग पलीकडे धावला तर आपला. पलीकडे रुतला तर त्यांचा. आणि आपण तो ओढून घेतला तर ती चोरी. दाजींनी आयुष्यात कधी पलीकडची काडीसुद्धा उचलली नव्हती. उलट पलीकडच्या राखणदाराची दोरी एकदा वाऱ्यानं आमच्यात आली, तर यांनी ती कापून टाकली होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"दाजी, खुंट आला. ओढा."

डावा हात आडवा झाला. "तोंडात आहे, पोटात नाही," ते पुटपुटले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "एवढी एकच मिळायची आहे, बापूसाहेब."

दोरी खुंटाला घासून पलीकडे गेली. पलीकडच्या काठावर तो राखणदार शेवाळ कापीत होता. तो कोयता घेऊन उठला, त्याच्या डोंगीत चढला आणि दोरीपाशी आला. त्यानं दोरी पाण्यातून उचलून हातात धरली. "डोर म्हारा पाणी में हे," तो आमच्याकडे बघत म्हणाला.

दोरी पळायची थांबली होती. पाण्याखाली मरळ बेडकी फिरवीत होती, दोरीच्या एका टोकाला दाजींची दोन बोटं आणि मध्ये तो कोयता. मी ओरडून सांगितलं, "भिया, घर में जच्चा पडी है. हकीमजी ने मछली बताई है."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं. मग दोरी अलगद पाण्यात सोडली, आमच्याकडे पाठ केली आणि डोंगी वल्हवीत निघून गेला.

दोरी पुन्हा चालू लागली. दाजींनी सैल दोरी हळूहळू गोळा केली, वजन येऊ दिलं, आणि खांद्यापासून ओढ घेतली. एवढ्या हलक्या हातानं की मला कळलंही नाही. मग पाणी फुटलं.

त्या संध्याकाळी बाळंतीण त्या मरळीचं वाटीभर पाणी प्यायली. तोंड पुसून म्हणाली की मीठ थोडं कमी आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

राखणदारानं पाठ फिरवली, पण पलीकडच्या घाटावर धोबी होते, त्यांना कोण अडवणार? गावभर झालं. पलीकडून तक्रार आली आणि दाजींना आमच्या कचेरीत बोलावणं आलं. आमचे साहेब मोठे भले गृहस्थ होते. त्यांना दाजींना वाचवायचं होतं. त्यांनी प्रश्नच असा घातला की उत्तर त्यातच होतं: गळ खुंटाच्या अलीकडेच रुतला आणि मासा ओढीनं पलीकडे गेला, असंच ना?

"नाही साहेब," दाजी म्हणाले. "पलीकडे रुतला."

साहेबांनी पुन्हा विचारलं. राखणदारालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, मेरी पीठ थी, मैंने देखा नहीं. म्हणजे आता फक्त दाजींनी हो म्हणायचं बाकी होतं. साहेबांनी पाणी प्यायचं निमित्त काढून बैठक थोडी थांबवली आणि मला डोळ्यांनी खूण केली. मी दाजींना पडवीत नेलं आणि हात जोडले. म्हटलं, एक शब्द बोला, तुमची भाकरी वाचेल. माझ्यासाठी गेली तर मी तोंड कुठं दाखवू?

दाजी माझ्यावर खरोखर रागावले. तसं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बापूसाहेब, खुंटाच्या अलीकडे दोरी पळत होती. पळत्या दोरीला मी ओढ दिली, असं मी माझ्या तोंडानं सांगू? दोन्ही पातींच्या माणसांसमोर?"

मला हसू आलं. मला वाटलं होतं, हा माणूस खरेपणासाठी अडून बसलाय. तेही असेल. पण चोर ठरायला तो तयार होता आणि उतावळा ठरायला तयार नव्हता. आत जाऊन त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. कुठून कुठवर पळाली, कुठं थांबली, किती वेळ थांबली, कुठं गिळली. राखणदार मान खाली घालून ऐकत होता. साहेबांना दुसरा मार्ग उरला नाही. दाजींचं काम गेलं.

धारला त्यांचे मेहुणे होते, तिकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी त्यांची बैलगाडी आमच्या गल्लीतून गेली. मी आधीच रस्त्यात उभा होतो. वहिनी गाडीत मागं बसल्या होत्या, भांड्यांच्या पोत्याला टेकून. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, पण दाजीच आधी म्हणाले की धारच्या तलावात मरळ आहे म्हणतात, बघू.

तेवढ्यात मागं आमच्या घराची कडी वाजली. घरात मदतीला कुणी नव्हतं, आणि बाळंतपणापासून ती अंथरुणाबाहेर आली नव्हती. भिंतीला हात लावीत ती उंबऱ्यापाशी आली. मग भिंत सोडून एक पायरी उतरली आणि पदर सावरून तिनं तिथूनच वाकून नमस्कार केला.

दाजी तिच्या पायांकडे पाहत राहिले. "एकट्या आल्या?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पागोट्याच्या सोग्यानं डोळे पुसले, चांगले दोन वेळा पुसले, आणि गाडीवाल्याला चल म्हणाले.

दाजी मला पुन्हा भेटले नाहीत. मी तिला म्हटलं, आत चल, गार वारं आहे. पण गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, कशालाही न धरता.