कोरडी वरमाय

शिरपुरात कोकिळाताईंना लोक मागून भांडखोर म्हणतात. म्हणू देत! ज्यांना त्यांनी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलंय, तेच जास्त बोलतात. औषधाचं दुकान त्यांच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा दीर म्हणाला, विकून टाक, बाईमाणसाला झेपायचं नाही. ताईंकडे औषधशास्त्राची पदवी होती, भिंतीवर परवाना त्यांच्याच नावाचा होता. त्यांनी दिराला पाणी विचारलं, चहा दिला आणि वाटेला लावलं.

माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. माझी मोठी जाऊ सुंदरबाई, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिची किडनी गेलेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागतं. हातावर नस जोडायचं ऑपरेशन केलं होतं, ते फेल गेलं. मग डॉक्टरांनी छातीत, गळ्याच्या हाडाखाली कायमची नळी बसवली. नळीची दोन टोकं बाहेर, वर पट्टी. त्यातूनच रक्त मशीनमध्ये जातं आणि साफ होऊन परत येतं. ती नळी म्हणजे अक्काचा जीव. ती नेहमी मला घेऊनच शिरपूरला जायची, कारण माझं तोंड चालतं.

एकदा अक्काला थंडी वाजून ताप आला. मी दुकानात गेले आणि म्हटलं, तापाची गोळी द्या. कोकिळाताईंनी विचारलं, "कुणाला?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोळी मिळणार नाही."

"का हो? फुकट मागते का मी?"

"नळीच्या पेशंटला थंडी वाजून ताप आला, म्हणजे नळीत जंतू शिरलेले असू शकतात. गोळीने ताप दबेल आणि ते रक्तात पसरतील. पेशंट कुठाय?"

अक्का बाहेर रिक्षात बसली होती. मी भर बाजारात ताईंना बोल बोल बोलले, चार माणसं जमली. त्यांनी ऐकून घेतलं, शटर अर्धं ओढलं आणि आमच्याच रिक्षात येऊन बसल्या. दवाखान्यात गेल्यावर कळलं, आंघोळीचं पाणी पट्टीखाली गेलं होतं आणि आत पू झाला होता. ती नळी काढावी लागली, दुसऱ्या बाजूने नवीन घातली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता हिला सांभाळा, पुढे नळीसाठी नवी जागा शोधणं फार अवघड आहे.

तेव्हापासून अक्का दुकानात गेली की कोकिळाताई आधी म्हणायच्या, "पट्टी दाखवा." लाल झालंय का, ओली आहे का, नळीचं झाकण घट्ट आहे का, सगळं बघायच्या. पाठ दुखते म्हणून अक्काने गावातल्या कुणाकडून गोळ्या आणल्या, तर ताईंनी त्या किडनीला घातक म्हणून हिसकावून ठेवून घेतल्या आणि डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारून दुसरं औषध दिलं. गावात सलाईन लावणाऱ्या एकाने तर ताईंना फोन करून विचारलं होतं, शीर सापडत नाही, या नळीतूनच सलाईन सोडू का? ताईंनी त्याला असं झाडलं, की तो आता आमच्या गल्लीतून मान खाली घालून जातो.

आणि अशात अक्काच्या मुलाचं, अमृतचं लग्न ठरलं.

आमच्या घरची रीत अशी, की नवरदेवाबरोबर वरमायलाही हळद लावायची आणि मांडवात सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावरून पाणी घालायचं. वरमाय कोरडी राहिली तर अपशकुन. माझी नणंद लताबाई मोठी जबाबदारी अंगावर असल्यासारखी आली आणि म्हणाली, "वहिनी आजारी, तिला पाणी चालायचं नाही. सरिता, तू बस वरमाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मी का बसू? आई जिवंत आहे त्याची!"

अक्का खाटेवर होती. उठून बसली आणि म्हणाली, "मन्हा पोऱ्यानं लगीन शे. मीच बससू."

"मग पाणी घालावंच लागेल," लताबाई म्हणाली.

म्हणजे बघा! बसली तर जीव धोक्यात, नाही बसली तर जिवंतपणी आईपण दुसरीला द्यायचं. रात्रभर अक्का रडली. सकाळी मला म्हणाली, चल शिरपूरला. कोकिळाताईंनी सगळं ऐकलं आणि तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. मग म्हणाल्या, "बसा ना वरमाय! हळद हातापायांना, पाणी फक्त पायांवर. छातीवर आणि डोक्यावर एक थेंब नाही. पट्टीची काळजी माझी."

"ताई, तुम्ही येशात?" अक्काने विचारलं.

विधवेला हळदीच्या मांडवात कुणी बोलावत नाही, हे त्यांना काय माहीत नव्हतं? तरी म्हणाल्या, "येते."

हळदीच्या दिवशी त्या आल्या. हात धुतले, पट्टी तपासली, नीट आहे म्हणाल्या आणि अक्काच्या पाटामागे उभ्या राहिल्या. बायांची कुजबुज सुरू झाली. लताबाईने तर तोंडावरच विचारलं, "तुमचं इथं काय काम? नवरा नाही तुम्हाला, हळदीत उभं राहायचं भान तरी ठेवा."

"माझा पेशंट इथे आहे," ताई म्हणाल्या. "नवऱ्याचं काम असतं तर तो आला असता."

मला हसू आलं. मी तोंडाला पदर लावला.

हातापायांना हळद लागली. अमृतवर पाणी पडलं, अक्काच्या पायांवर मी पाणी घातलं. झालं, असं वाटलं. तेवढ्यात लताबाईने तांब्या भरला. "थोडं तरी डोक्यावर पडू दे, नाहीतर पोराच्या संसाराला..." असं म्हणत तिने तांब्या वर उचलला. मी ओरडले. अक्काने डोळे मिटले. आणि कोकिळाताई वाकल्या, अक्काला दोन्ही हातांनी छातीशी झाकून घेतलं आणि हळदीचं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर, पाठीवर पडलं.

कुणीतरी म्हणालं, "अय माय वं! वरमायचं पाणी रांडकीवर पडलं!"

ताईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. केसांतून पाणी गळत होतं. त्यांनी आधी हात पुसले, मग अक्काचा पदर बाजूला करून पट्टीकडे बघितलं. "कोरडी आहे," त्या म्हणाल्या आणि पदर परत नीट केला.

लताबाई म्हणाली, "मांडव बाटवला या बाईनं. बाहेर काढा तिला."

तेव्हा अक्का पाटावरून उठली. आधार न घेता उठली. हळदीच्या वाटीत हात बुडवला आणि म्हणाली, "मी जिती शे, ती हिन्हामुळे शे. हाई बाई मांडवमा नई, ते मी बी नई." आणि हात ताईंच्या गालाजवळ नेऊन थांबली, परवानगी मागितल्यासारखी.

मला वाटलं, ताई मागे सरकतील. लोकलाज म्हणून का होईना, नको म्हणतील. त्यांनी ओले केस कानामागे सारले आणि गाल पुढे केला.

"लावा, अक्का. दोन्ही बाजूंनी लावा."

अक्काने लावली. मग मी लावली, दाबून लावली, लताबाईच्या नाकावर टिच्चून. अमृत ताईंना म्हणाला, मावशी, माझीही हळद घ्या. लताबाई तांब्या आपटून घरात गेली. जाऊ दे, जेवायला आलीच बाहेर.

संध्याकाळी दुकान उघडायचं म्हणून ताई निघाल्या. मी म्हटलं, तोंड धुऊन जा, बाजारात लोक काय म्हणतील? त्या हसल्या आणि तशाच गेल्या. मीही मागोमाग गेले, मला बघायचं होतं. पिवळ्या गालांनी त्या काउंटरमागे उभ्या राहिल्या. पहिलं गिऱ्हाईक आलं, ते त्यांच्याकडे बघतच राहिलं.

"हळद आहे," ताई म्हणाल्या. "माझ्या पेशंटच्या मांडवातली. बोला, काय देऊ?"