फुफाट्यातलं काशीफळ आणि दोघींचं एक ताट

माझी थोरली जाऊ दांडगी बाई. दोन भाकरी खाऊन तिसरीला हात घालायची. तिच्या पोटात अल्सर फुटला आणि परभणीच्या डॉक्टरनं अर्ध्याहून जास्त पोट कापून काढलं. घरी सोडताना त्यानं मला बजावलं, "थोडं थोडं द्या, मऊ द्या. तेल-तिखट नको. खाल्लेलं अंगी लागलं नाही तर बाई हाती लागायची नाही."

विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत एसटी केव्हाही बंद पडायची. आमच्या झरी गावाहून सारखं दवाखान्यात जाणं जमण्यासारखं नव्हतं. जे करायचं ते चुलीपाशीच.

भाकरी झाल्या की चुलीत गरम राख उरते, त्याला आम्ही फुफाटा म्हणतो. त्यात मी कोवळा दुधी नाहीतर काशीफळाची, म्हणजे तांबड्या भोपळ्याची, फोड पळसाच्या पानांत गुंडाळून पुरायची. मऊ झाली की करपलेली पानं काढायची, गर कुस्करायचा, वर मीठ, जिऱ्याची पूड आणि थोडं ताक. तेलाचा थेंब नाही.

शेजारीण बघून म्हणाली, "आजारी माणसाला तेल बी मिळंना का गं तुमच्यात?"

मी म्हणाले, "तुमच्याकडं लय असंल तर डोक्याला लावा."

जावेला तो गर आवडायचा. पण जेवण झालं की थोड्या वेळात सगळं उलटून पडायचं. मी दुधी बंद केला, दोडका भाजला, ताक वगळलं, जिरं वगळलं. उलटी थांबेना. तिच्या चोळीच्या बाह्या मी दोनदा आत घेतल्या, तरी दंडावर लोंबायच्या.

आम्ही दोघी माझ्या लग्नापासून एका ताटात जेवायचो. रीत अशी की एकीनं हात धुतला की दुसरीनंही उठायचं. मागं एकटीनं बसायचं नाही. ताटात एका कडेला तिचा गर, दुसऱ्या कडेला माझी भाकरी.

एक दिवस मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. चौथ्या घासालाच कपाळावर घाम आला होता. तरी हात चालूच.

"अक्का, पोट भरलं ना? मग कशाला कोंबायलाव?"

"मी उठले तर तुला उठावं लागंल. सकाळधरनं रानात राबलीस. उपाशी उठवू का तुला?"

मला असा राग आला की हातातला घास मी ताटात परत टाकला. "डॉक्टरनं पोटासंगं अक्कल बी काढली का तुमची?"

"अक्कल असती तर तुला ह्या घरची सून करू दिलं असतं का मी?"

वेगळं ताट वाढते म्हटलं तर म्हणाली, "मंग चूल बी वेगळी मांड."

दुसऱ्या दिवसापासून मी चुलीपाशी उभ्यानं भाकरी खाऊन घ्यायला लागले. मग ताटावर बसून चतकोर तुकडा मोडत राहायची. ती थांबली की मी लगेच हात धुवायची. उलटी थांबली. भाजलेल्या भाजीत काही खोट नव्हती.

पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, "काय गं, तुझं बी पोट कापलं का?"

"भूक न्हाई."

"हनुवटीला पीठ लागलंय तुझ्या."

मी पदरानं तोंड पुसलं. तिनं काशीफळाचा घास माझ्या कडेला सारला. "हे तरी बसून खा."

मी खाल्ला. दोघींनी बरोबर हात धुतले.

दिवाळीला तिच्या चोळीची एक शिवण मी उसवली. बाह्या दंडाला काचत होत्या.