धाकटीची बांधी

मला माझ्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो. बायकांच्या हक्कांवर पत्रकं लिहिणारीने असं लिहू नये, पण वाटतो.

आमचे बाबा चळवळीतले. घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांवरच. कॉलेजात असताना बापाच्या जमिनीतल्या मुलींच्या वाट्यावर मी स्वतः पत्रक लिहिलं, तिरोड्याच्या बाजारात वाटलं. धाकटी तेव्हा आठवीतून शाळा सोडून धानाच्या रोवणीला जात होती.

बाबा गेले, मागे धानाच्या काही बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, राहिले. दादाने दोघींच्या नावाचं हक्कसोडपत्र तयार करून आणलं. सोबत एकेक साडी. आमच्याकडची रीतच ती: बहिणीने सही करायची, साडी घ्यायची, माहेर टिकवायचं. मी सही केली. म्हटलं, भांडायचं ते समाजाशी, घरात काय भांडायचं! खरं म्हणजे दादासमोर हावरी ठरायची भीती वाटली.

धाकटीने साडी दादाच्या मांडीवर परत ठेवली.

"हे राहू दे. मले बांधी पायजे."

"काऊन? सासरी खायले नाही भेटत का?"

"भेटते ना. पण ही बापाची आहे."

"मंग राखीले येऊ नको."

"नाही येत."

दीड वर्ष तिने तहसिलीत खेटे घातले. पाटाकडेच्या दोन बांध्या तिच्या नावावर झाल्या. दादाचं दार मात्र बंद झालं.

यंदा मी राखी बांधून, ओवाळणीची साडी नेसूनच निघाले. वाटेत धाकटी गुडघाभर चिखलात रोवणी करत होती.

"बाई, दादाची साडी झकास दिसून राहिली!"

ते मला झोंबलं. "तुला गं एवढी हिंमत कुठून आली?"

"तुह्याच कागदातून. छापायच्या आधी रोज मलेच वाचून दाखवत होती ना? मले वाटलं, तू पण नाही म्हणशील."

मी बांधावर उभी राहिले. या बांधीत मीही लहानपणी खेकडे पकडले होते. आता इथे पाय ठेवायलाही तिला विचारावं लागणार होतं.

"थोडं रोवू का मी?"

"रोव ना. रोजी देईन."

ती खळखळून हसली. मला हसू आलं नाही. मी दादाची साडी वर खोचली आणि तिच्या बांधीत उतरले.