आठवड्याला एक

अंबडच्या आमच्या औषधवाल्यांना पाकिटावर ‘आठवड्याला एक’ असं ठळक लिहून द्यायची सवय, आणि मला ते न वाचायची. ताकद लवकर यावी म्हणून घरातल्या सहा जणांच्या ड जीवनसत्त्वाच्या पुड्या मी एकट्यानेच, रोज एक अशा संपवल्या आणि पुन्हा मागायला गेलो. सगळं ऐकून औषधवाले म्हणाले,

“भाऊ, हे जीवनसत्त्व म्हणजे किल्ली. पेशीतलं कुलूप तिने किती उघडायचं, हे आतले बारीक रेणू ठरवतात. तुम्ही तर किल्ल्यांचं पोतंच ओतलंत! मळमळतं का?”

“जरा.”

भर गर्दीत शटर ओढून ते मला स्कूटरवरून रक्त तपासायला घेऊन गेले. कॅल्शियम फार वाढलं होतं. “आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती,” डॉक्टर म्हणाले.

बायको आता माझी तब्येत मला विचारत नाही, औषधवाल्यांनाच विचारते. मीही तेच करतो.