सिमेंटवरची हरळी

सिंधूअक्का शांतपणे गेल्या, असं हल्ली जो भेटतो तो मला सांगतो. मला ते मुळीच पटत नाही. त्या बाईने आयुष्यात एकही गोष्ट शांतपणे केलेली मी पाहिली नाही, मग नेमकी हीच कशी करतील? माझ्या नवऱ्याच्या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वसंतअण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे अक्कांचे धाकटे दीर. "वहिनी गेल्या," एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आम्ही यशवंतपुराहून रिक्षाने बसवनगुडीला अक्कांच्या घरी पोचलो, तर अंगणात गवतावर चटया टाकून माणसं बसली होती. कुणीतरी हळूच म्हणालं, मृत्यूपुढे कुणाचं काही चालत नाही. मी त्या गवताकडे बघत होते. म्हटलं, अक्कांचं बरंच चाललंय की.

लग्नानंतर मी पुण्याहून या कानडी मुलखात आले ती त्यांच्याच माडीवर भाड्याने. त्या मूळच्या निपाणीकडच्या, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. घर अक्कांचे यजमान आणि अण्णा या दोघा भावांच्या नावावर होतं, म्हणजे पुढच्या भागात अक्का आणि मागच्या भागात अण्णा. दोघांमध्ये अंगण एक आणि भांडणही एकच. अण्णांनी नवी मारुती घेतली होती आणि त्यांना अंगणात सिमेंट हवं होतं. अक्कांना हवं होतं गवत. तेही नर्सरीतलं विकतचं नाही, तर मैदानाच्या कडेने उपटून आणलेली साधी हरळी. "माझ्या बापाची अर्धी हयात शेतातली हरळी काढण्यात गेली बघ," त्या हसत म्हणायच्या, "आणि मी इथं ती पाळतोय म्हटलं तर वरून खाली येऊन हाणतील मला!"

एकदा त्या भाचीच्या लग्नाला निपाणीला गेल्या आणि अण्णांनी संधी साधली. परत आल्या तेव्हा फाटकापासून पायरीपर्यंत सगळं करडं आणि गुळगुळीत झालेलं होतं. मी माडीवरून बघत होते. अक्का पिशवी हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या... मग चप्पल काढून त्या सिमेंटवर चालल्या, उतार कुठे आहे ते पायाने पाहिलं, आणि आत जाऊन चहा ठेवला. मला वाटलं, हरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातीची गाडी आली. अक्कांनी सिमेंटला हातही लावला नाही. कडेने विटा रचल्या आणि वर चार बोटं माती पसरली. मग ओट्यावर बसून त्यांनी मेथी चिरावी तशी हरळी विळीवर चिरली, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरं राहतील अशी. ती शेणामातीत कालवली आणि सारवण घालावं तसा तो काला सगळ्या अंगणावर हाताने लिंपला. मलाही बसवलं होतं कामाला, नवी नवरी असले तरी. वास असा की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

अण्णा बाहेर आले. "वहिनी, सिमेंटवर गवत उगवतं होय कुठं?"

"भाऊजी, तुमच्या डोक्यावर उगवत नाही म्हणून कुठंच उगवू नये की काय?"

अण्णांना टक्कल होतं. मी तोंडाला पदर लावून हसले.

उगवलं. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेव्हा तांदूळ धुतल्याचं पाणीसुद्धा भोकं पाडलेल्या डब्यातून त्या गवतावर शिंपडायच्या. अण्णांनी मुद्दाम गाडी त्यावरच उभी करायला सुरुवात केली. सगळ्यांना वाटलं, आता महाभारत. अक्का शांतपणे (हो, हा एकच प्रसंग) म्हणाल्या, "लावा की. हरळीला तुडवलेलं चालतंय. पण आज इथं लावली तर उद्या पलीकडं लावा. एका जागी ठेवली तर खालचं मरतंय." अण्णा तणतणत गेले. पण दुसऱ्या दिवशी गाडी पलीकडे होती. एकदा मात्र त्यांनी स्पष्टच सांगितलं, "वहिनी, तुम्ही आहात तोवर मी काही बोलत नाही. तुमच्यानंतर इथं ग्रॅनाइट घालणार."

"सरी," अक्का कानडीत 'बरं' म्हणाल्या. "घाला की. बघू जमतंय का!"

विटांच्या कडेला तुऱ्यांच्या शोभेच्या गवताचे ठोंब होते. ते दर काही वर्षांनी फोडावे लागतात, नाहीतर मधला भाग वाळून जातो. इथे जीव रमेना म्हणून मी पुण्याला परत जायचा हट्ट धरला होता, त्या दिवसांत अक्कांनी माझ्या हातात लोखंड कापायची करवत दिली आणि ठोंबापुढे बसवलं. मी हळूहळू घासत होते. "अगं, गोंजारतेस काय? जोरात काप! ते तुझ्यासारखं रडत नाही." अर्धा ठोंब त्यांनी मला माझ्या गच्चीवर तेलाच्या डब्यात लावायला लावला. मी राहिले. पुढे यशवंतपूरला बिऱ्हाड हलवलं तेव्हा तो डबा मांडीवर घेऊन टेम्पोत बसले होते. तुरे आजही येतात.

शेवटच्या वर्षी हृदयाने दगा दिला, तेव्हा डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. तर या बाई पाटावर बसून, पाट पुढे सरकवत, कात्रीने गवत कापायच्या. "वाकू नका म्हणालेत, बसू नका म्हणाले नाहीत," हे वर! मला राग यायचा. आता त्या नाहीत याचाही रागच येतो, रडू नंतर येतं.

मागच्या आठवड्यात गेले होते. अण्णांचा मुलगा मुंबईहून आला होता आणि पायरीवर ग्रॅनाइटचे नमुने मांडून बसला होता, काळा, करडा, गुलाबी. "काकू, तुम्हीच सांगा, कुठला चांगला दिसेल?" अण्णांनी तसं सांगितलंच होतं, शब्दाला जागायचं म्हटलं तर त्यांना कुणी दोष देणार नव्हतं. अण्णांनी नमुन्यांकडे पाहिलं, खुंटीवरची किल्ली काढली आणि बाहेर गेले. आता म्हाताऱ्या झालेल्या मारुतीने दोनदा कुरकुर केली. मग त्यांनी ती मागे घेतली आणि पलीकडे नेऊन लावली.

"बाबा, गाडीला काय झालं?"

"गाडीला काही नाही. काल इथं होती."

"अहो, पण आता विचारणार कोण आहे तुम्हाला?"

अण्णांनी टकलावरून हात फिरवला. "हे दगड उचल आधी," ते म्हणाले, "आणि उद्या मी नसलो तर गाडी अलीकडं लाव, विसरू नको."

मग ते झारी आणायला मागे गेले. गाडी हलवली होती तिथलं गवत पिवळट पडून जमिनीला चिकटलं होतं. मी चप्पल काढून त्यावरून फाटकापर्यंत चालत गेले.